किसास आणि दियत

इस्लामी फौजदारी कायद्यात खून हा मुख्यतः मृताच्या वारसांविरुद्धचा अपराध मानला जातो. हेतुपुरस्सर केलेल्या खुनात वारसांपुढे तीन वाटा असतात : किसास, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव, दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, किंवा बिनशर्त क्षमा. कुराणात (२:१७८) क्षमेच्या वाटेला ईश्वराने दिलेली सवलत म्हटले आहे. पूर्ण दियत परंपरेने १०० उंटांची. चुकून झालेल्या हत्येला किसास नाही. तिथे दियत मारेकऱ्याच्या आप्तगणाने भरायची आणि प्रायश्चित्त त्याने स्वतः घ्यायचे.

हेतू ओळखायचा कसा, यावर मात्र पंथापंथांत मतभेद आहेत. हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांनी तो हत्यारावरून ठरवला. त्यामुळे गळा दाबून केलेल्या खुनाला त्यांच्या मते किसास लागत नसे. त्यांचे शिष्यही इथे त्यांच्याशी सहमत नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलातील बंगालमध्ये हनफी कायदाच चाले. तिथला गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याने १७९० मध्ये हत्याराऐवजी हेतूला महत्त्व दिले आणि वारसांचा क्षमेचा अधिकार काढून घेतला.

पाकिस्तानात १९९० पासून किसास व दियत दंडविधानाचा भाग आहेत. त्यातली सर्वांत दुखरी बाजू अशी, की इज्जतीपायी मुलीचा जीव घेणाऱ्या भावाला घरचेच वारस माफ करून सोडवत. २०१६ च्या दुरुस्तीनुसार अशा खुन्याला, वारसांनी माफ केले तरी, जन्मठेपेची शिक्षा आहे.