पंचाने नाते आधी सांगावे

बांधाच्या तंट्यात वादी जर पंचाचा मेव्हणा असेल, तर पंचाने ते आधी सांगावे. मगच निवाडा पटतो. संशोधनाचेही तसेच आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात, म्हणून त्यांची कारणे शोधली गेली. २००५ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला. २००६ साली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने राज्य सरकारला. ही दुसरी संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापलेली. प्रश्न कर्जाचा नि शेतमालाच्या भावाचा. म्हणजे सरकार आणि बँका त्यात पक्षकारच! तरी दोन्ही अहवालांत कर्जबाजारीपणा ठळकपणे आला. अहवाल कोणासाठी, हे उघड होते. म्हणूनच या एकमताचे वजन आपल्याला कळते. श्रोतेहो, मेलेला माणूस साक्षीला येत नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्याने पैसा कोणाचा, नाते कोणाशी, हे आधी सांगावे.