‘ताण’ हा शब्द नव्हता तेव्हा

शाळेतल्या नववीच्या मुलांसाठी ताणतणावावर एक तासिका घ्यायची, आणि तीही भाषणाची नको, मुलाखतीची, असं आपल्या बॅचच्या ग्रुपवर ठरलं. आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. (बाकीच्यांनी हुश्श केलं असणार.) पहिला प्रश्न साहजिकच सुचला: “तुमच्या काळी तुम्हाला ताण यायचा का?” पण संत तुकाराम नगरातल्या सत्तरीच्या कुठल्याही काकांना हे विचारा. उत्तर ठरलेलं आहे: “छे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” संपली मुलाखत.

खरं म्हणजे तेव्हा नव्हता तो शब्द. मराठीत ‘ताण’ जुनाच आहे, पण तो दोरीला पडायचा. माणसाला घोर लागायचा, जीव टांगणीला लागायचा, डोक्याला ताप व्हायचा. ‘ताणून देणे’ म्हणजे तर निवांत झोपणे!

विज्ञानातला ‘स्ट्रेस’ आला आम्हा इंजिनिअर लोकांकडून. स्कॉटिश अभियंता रँकिन यांनी १८५० च्या दशकात ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या शब्दांना नेमके अर्थ दिले. भार पडल्यावर वस्तूच्या आत निर्माण होणारं बल म्हणजे स्ट्रेस. त्यामुळे तिच्या आकारात पडणारा फरक म्हणजे स्ट्रेन. पुढे १९३६ मध्ये मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, औषध टोचा, शरीराची प्रतिक्रिया साधारण सारखीच दिसते, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्या टिपणाच्या शीर्षकात ‘स्ट्रेस’ नव्हताच. तो शब्द त्यांनी नंतर रुळवला, आणि आणखी पुढे कबूल केलं की आपलं इंग्रजी बरं असतं तर ‘स्ट्रेन’ म्हटलं असतं. परिणामाला ‘स्ट्रेस’ म्हणून बसल्यामुळे कारणासाठी त्यांना ‘स्ट्रेसर’ हा वेगळा शब्द घडवावा लागला. आपण आजही तोच घोळ घालतो. ‘परीक्षेचा ताण’ म्हणताना कारण सांगतो, ‘मला ताण आलाय’ म्हणताना परिणाम.

प्रश्नावली करताना मी हे दोन वेगळे केले. भार कसला होता, हे आधी विचारायचं. मग घरात काय वाकलं, ते. ताण हा शब्द मुलांनी उच्चारायचाच नाही.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. सप्टेंबर १९८९. टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते. आपण तेव्हा चौथीत. या संपाबद्दल लिहिलेलं वाचाल तर त्यात युनियन आहे, व्यवस्थापन आहे, पोलीस आहेत. त्या महिन्यात वाण्याची उधारी कुणी मागितली, सहामाहीचा अभ्यास कुणी घेतला, रात्री कोण जागं होतं, हे कुठेच नाही. ते फक्त घरातल्या माणसांना ठाऊक आहे, आणि ती माणसं आता थकत चालली आहेत. म्हणून प्रश्न असे: “त्या दिवसांत घरात सगळ्यात आधी काय बंद झालं?” “झोप कुणाची उडाली होती?” “कुणाजवळ बोललात?” “कशाने जरा हलकं वाटलं?” शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मुलांना उपाय तिथे सापडतील: भजनी मंडळ, शेजारच्या काकू, कंपनी बसमधले मित्र. ‘दीर्घ श्वास घ्या’ यापेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहील, असं मला वाटतं.

मुलाखतीतून मुलांना शिकवण्याची कल्पना काही माझी नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्ये आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली. त्यांच्या ‘वेध’ या उपक्रमात ते वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांशी मुलांसमोर गप्पा मारतात. तिथे मंचावर प्रश्न डॉक्टर विचारतात; आपल्याकडे ते मुलांनीच विचारावेत, एवढाच फरक.

आता व्यवहाराचं. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोलायचं. समोरचा “हे राहू दे” म्हणाला की तो प्रश्न सोडून द्यायचा. वर्गात सांगताना नाव घ्यायचं नाही. ऐकलेलं फार जड वाटलं, किंवा बोलताना स्वतःचंच काही वर आलं, तर ते मनात न ठेवता बाईंना सांगायचं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक फळ्यावर आधीच लिहिलेला असेल. तासिकेत फक्त शेवटची उत्तरं वाचायची, कारण पस्तीस मिनिटांत त्याहून जास्त होत नाही.

ज्या मुलांच्या घरी आजी-आजोबा नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या बॅचमधल्या आईवडिलांची यादी करते आहे. सध्या त्यात सात नावं आहेत. निदान पंधरा तरी लागतील. स्नेहमेळाव्याच्या दिवशी चहाच्या वेळी मी वही घेऊन दाराशीच उभी असेन.