गोरा म्हणजे पांढरा नव्हे : रंगभूषेच्या पहिल्या धड्याचा इतिहास

रंगभूषेचा पहिला धडा सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. चेहरा स्वच्छ धुवायचा, क्रीमचा हलका हात फिरवायचा आणि मग कपाळापासून गळ्यापर्यंत एकसारखा बेस लावायचा. त्यावर गडद रंगाचे शेडिंग, फिक्या रंगाचा उजाळा, मग डोळे, भुवया, ओठ आणि शेवटी सगळे बसवणारी पावडर. नाट्यशास्त्राच्या वर्गात किंवा स्पर्धेआधीच्या शिबिरात हा क्रम तासाभरात सांगून होतो. पण बेसचा रंग कोणता घ्यायचा, या प्रश्नापाशी बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘आहेस त्यापेक्षा जरा उजळ घे.’

अशा शिबिरांना मी बरीच वर्षे जातो आहे, कधी बोलायला, बहुतेकदा नुसता बघायला. सावळ्या मुलीला तिच्यापेक्षा दोन-तीन छटा उजळ बेस लावलेला असतो. मान, कान आणि हात मात्र तिचे स्वतःचे राहतात. पात्र शेतमजुराचे असो की कॉलेजातल्या मुलीचे, उत्तर बदलत नाही. हे उत्तर आले कुठून, ते एके काळी बरोबर होते का, आणि असेल तर ते चुकीचे कधी झाले, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात भरतापासून करू. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचा स्वतंत्र अध्याय आहे. बडोद्याच्या आवृत्तीत तो एकविसावा, काही आवृत्त्यांत तेविसावा. त्यात नेपथ्याचे चार प्रकार येतात : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. यांतली अंगरचना म्हणजे आपली रंगभूषा. भरत मूळ रंग चार मानतो : सित, नील, पीत आणि रक्त. पुढे तो मिश्रणे सांगतो. पांढरा आणि पिवळा मिळून पांडु, पांढरा आणि तांबडा मिळून पद्म, पिवळा आणि निळा मिळून हरित, निळा आणि तांबडा मिळून काषाय. प्रमाणही देतो. निळा सर्वांत बलवान, म्हणून तो एक भाग घेतला तर दुसरा रंग चार भाग घ्यावा. हाताने रंग कालवणाऱ्या माणसाचेच हे ज्ञान आहे.

याच यादीत ‘गौर’ येतो, आणि तो होतो तांबडा आणि पिवळा मिळून. त्यात पांढरा नाही. भरताचा गौर म्हणजे सोन्याकडे झुकणारी, रक्त खेळणारी कांती. शिवाय पात्रांचे वर्ण सांगताना राजे पद्मवर्णी, श्याम किंवा गौर असे तिन्ही प्रकारे रंगवण्याची मुभा तो देतो. सावळा राजा त्याला खटकत नाही.

मग आपल्या रंगमंचावर पांढरा आला कसा? त्याचे उत्तर माझ्या मते सौंदर्यकल्पनेत शोधण्याआधी दिव्यात शोधायला हवे.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा उजेड तेलाच्या ज्योतींचा होता. पुढची कित्येक वर्षे पौराणिक नाटकांतल्या देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी अशाच उजेडात वावरल्या. ज्योतीचा प्रकाश क्षीण असतो आणि पिवळसर-तांबूस असतो. क्षीण असल्यामुळे सावळा चेहरा मागच्या अंधारात विरून जातो; शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाकडोळे दिसतच नाहीत. चेहऱ्यावर पांढरा थर असेल, तर मिळेल तेवढा प्रकाश तो परत फेकतो. आणि प्रकाश पिवळसर-तांबूस असल्यामुळे तो पांढरा थर पांढराफटक दिसत नाही, उबदार दिसतो. भरताला गौर वर्णासाठी लागणारे तांबडे आणि पिवळे असे दोन्ही रंग दिवाच पुरवत होता. नटाने फक्त पांढरी पाटी तयार ठेवायची. तेलाच्या दिव्यापुरते ‘उजळ घे’ हे उत्तर बरोबर होते.

त्याची किंमत मात्र नटाच्या कातडीने मोजली. जुन्या रंगपेटीत सफेदा, मुरदाडशिंग, हिंगूळ, पिवडी, गेरू आणि काजळ अशी द्रव्ये असत. जस्ताचा सफेदा रुळण्याआधी सफेदा म्हणजे शिशाचा, मुरदाडशिंग हेही शिशाचेच भस्म, हिंगुळात पारा. पांढऱ्याची ही किंमत जगभर मोजली गेली. जपानच्या काबुकीतही चेहरा पांढरा रंगवायची प्रथा होती. १८८७ साली सम्राट मेइजींपुढे झालेल्या प्रयोगात चौथा नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला आणि त्याचे कारण शिशाची विषबाधा निघाले. त्यानंतर तिथे शिशाविना पांढरी पावडर बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले. म्हणून डब्यावर घटकद्रव्ये लिहिलेली नसतील तर तो रंग चेहऱ्याला लावू नये, हाही पहिल्याच धड्याचा भाग असायला हवा.

दिव्याची जागाही महत्त्वाची. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ओळीने दिवे मांडलेले असत. उजेड खालून आला की निसर्गाने चेहऱ्यावर ठेवलेल्या सावल्या उलटतात. हनुवटीखालचा भाग, नाकपुड्या आणि भुवयांखालचे खळगे उजळतात. नाक बसके वाटते. म्हणून नाकाच्या दांड्यावर उभी फिकी रेघ आणि दोन्ही बाजूंना गडद छटा, ही युक्ती आली. आज दिवे वरून आणि समोरून येतात. तरी नाकावरची ती ठळक पांढरी रेघ आजही कित्येक चेहऱ्यांवर दिसते. ज्या दिव्यासाठी ती ओढली गेली तो दिवा कधीच विझला.

एकोणिसाव्या शतकात युरोपात दिवे झपाट्याने बदलले. लंडनच्या नाट्यगृहांत १८१७च्या सुमारास गॅस आला आणि १८८१ साली सॅव्हॉय नाट्यगृह पूर्णपणे विजेवर उजळले. वाढत्या उजेडात कोरड्या पावडरीचे थर उघडे पडू लागले. लाइपझिगचा नट कार्ल बाउडिन याची अडचण साधी होती : टोपाची कड आणि कपाळ यांतली रेघ दिसायची. १८६०च्या दशकात त्याने जस्ताचा सफेदा, पिवडी आणि हिंगूळ डुकराच्या चरबीत मळून ती रेघ बुजवली. पुढे लुडविग लाइखनर या जर्मन ऑपेरा गायकाने १८७३ साली बर्लिनमध्ये अशा तेलकट रंगांच्या कांड्यांचा कारखाना काढला. कांड्यांना क्रमांक होते. इंग्रजी रंगभूमीवर ५ आणि ९ ही जोडी तर पाढ्यासारखी पाठ झाली : ५ म्हणजे हस्तिदंती, ९ म्हणजे विटकरी.

बाउडिनची कृती पुन्हा वाचावी. पांढऱ्यात पिवळा आणि तांबडा. भरताच्या गौर वर्णातले दोन्ही रंग लाइपझिगच्या नटाने स्वतःच्या गरजेतून शोधले. कारण उघड आहे : जिवंत कातडी, मग ती कुणाचीही असो, पिवळ्या-तांबड्यावरच उभी असते. फरक पडतो तो त्यात पांढरा किती आणि काळपट किती, याचा. लाइखनरच्या क्रमांकांत पांढऱ्याचे माप युरोपीय चेहऱ्याचे होते. इंग्रजी पुस्तकांवरून रंगभूषा शिकताना क्रमांक उचलला आणि माप तपासले नाही, तर आपल्या चेहऱ्यावर गुलाबी मुखवटा चढणारच.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडच्या थोर नटांची छायाचित्रे पाहा. त्यांचे चेहरे उजळच आहेत. हा पुरावा नीट तपासायला हवा. आपल्या घरातला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा पणजीचा फोटो काढून पाहा : तिच्या कपाळावरचे लाल कुंकू अनेकदा काळेकुट्ट दिसते. त्या काळच्या काचांवरचा रासायनिक लेप निळ्या प्रकाशाला संवेदनशील होता, तांबड्याला जवळजवळ आंधळा आणि पिवळ्याबाबतही मंद. म्हणजे कातडीतले जे दोन मुख्य रंग, तेच काच काळवंडून टाकत असे. फोटोत चेहरा उठावदार यावा म्हणून त्यावर पांढरी पावडर चढवणे ही कॅमेऱ्याची गरज होती. ‘मानापमान’ १९११ साली आले आणि त्यातली बालगंधर्वांची भामिनी घराघरांत पोचली ती बऱ्याच अंशी छायाचित्रांतून. त्या चित्रांवरून शालूचा काठ, दागिने, केसांची ठेवण सांगता येते. चेहऱ्यावरचा रंग सांगता येत नाही.

मूकपटांचीही तीच गत. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके ज्या काळात कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, त्या काळची फिल्म तांबड्याला काळाच समजत असे. सर्व रंग सारखे टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२०च्या दशकात रुळली, तेव्हा हॉलिवूडमध्येही पांढरे चेहरे मागे पडले आणि कातडीशी मिळत्या छटा आल्या. पुढे रंगीत चित्रपटांसाठी मॅक्स फॅक्टरने १९३७ साली ओल्या स्पंजने लावायचा पॅनकेक आणला. तो पातळ बसतो, चकाकत नाही आणि अनेक छटांत मिळतो. नाटकवाल्यांनी तो आनंदाने उचलला; पण आपल्याकडे निवडताना हात डब्यातल्या उजळ छटेकडेच गेला.

मला दिसते ते असे. तेलाच्या दिव्याने पांढरा मागितला, फोटोच्या काचेने मागितला, मूकपटाच्या फिल्मनेही मागितला. तिन्ही मागण्या तांत्रिक होत्या आणि आपापल्या जागी रास्त होत्या. एकेक करून तिन्ही संपल्या. पण तोवर सवयीला सौंदर्याचे नाव मिळाले होते, आणि समाजात गोऱ्या रंगाची ओढ होतीच. तिने त्या सवयीला आधार दिला. तंत्र गेले, पूर्वग्रह उरला आणि तोच धडा म्हणून शिकवला जाऊ लागला.

साध्या तारेच्या बल्बने ही गोष्ट बरीच वर्षे झाकून ठेवली, कारण त्याचाही प्रकाश पिवळसर. उजळ बेसला तो थोडीफार ऊब देत असे. आता नाट्यगृहांत एलईडी दिवे येत आहेत. त्यांतल्या थंड पांढऱ्या उजेडात तांबडा कमी असतो, आणि कालपर्यंत खपून गेलेला बेस राखेसारखा दिसतो. दिवा पुन्हा एकदा बदलला आहे. या वेळी तरी धडा त्याच्याबरोबर बदलायला हवा.

बदल अवघड नाही. बेसची छटा हाताच्या मागच्या बाजूवर न बघता जबड्याच्या कडेला लावून बघावी. जिथे ती चेहऱ्यात आणि गळ्यात विरते ती आपली. ती ट्यूबलाइटखालच्या आरशात न ठरवता प्रयोगाच्या प्रकाशात, सहकाऱ्याला दहाव्या-पंधराव्या रांगेत बसवून ठरवावी. बेस राखाडी वाटला तर पांढरा न घालता तांबड्या-पिवळ्याचा अंश वाढवावा. सावळ्या चेहऱ्यावर गडद शेडिंग दिसत नाही, म्हणून बेस उजळ करण्याऐवजी उजाळ्याने आकार काढावा : गालाचे हाड, भुवईवरचा उंचवटा, नाकाचा दांडा, तेही पांढऱ्याने न काढता स्वतःच्या रंगाच्या दोन छटा वरच्या, सोनेरीकडे झुकणाऱ्या रंगाने. कान, मान आणि हात यांना चेहऱ्याइतकाच मान द्यावा.

हे सारे नीट दिसण्यापुरते नाही. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले, तेव्हा गणपतराव बेलवलकरांचे वार्धक्य उभे करणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. नट अभिनयाने वय घेतो, आणि रंगभूषा त्या वयाला प्रेक्षकाच्या डोळ्यांपर्यंत पोचवते. या कलेचे काम एवढेच आणि एवढे मोठे आहे : आहे त्या चेहऱ्यातून पात्राचा चेहरा बाहेर काढणे. ज्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की तुझा रंग आधी झाकू, मग बाकीचे बघू, त्याचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा विश्वास त्याच दिवशी डगमगतो; आणि नटाचे सगळे भांडवल तोच चेहरा. डब्यावरचा क्रमांक विचारण्याआधी त्याने भरताची कृती एकदा हातावर कालवून बघावी. तांबडा आणि पिवळा. त्यात पांढरा किती, हे त्याची कातडी आणि समोरचा दिवा मिळून ठरवतील.