समोर बसलेला जोडीदार

आमच्या चिंचणीच्या घरी सारीपाट कापडाचा होता. काळ्या खणावर लाल-पिवळ्या दोऱ्याने घरं शिवलेली. अधिकच्या चिन्हासारखे चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे सगळी मिळून ९६ घरं, आणि मधे एक मोठा चौक. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, लावणी आटोपली, की आत्या ही गुंडाळी फडताळातून काढायची. पिशवीत कवड्या आणि लाकडी सोंगट्या. चौघी बसायच्या, काळ्या-पिवळ्या एका बाजूच्या, लाल-हिरव्या दुसऱ्या. शेजारी बसलेली प्रतिस्पर्धी, समोर बसलेली आपली.

हा खेळ घराघरांत पोहोचला त्याला फार काळ लोटला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये पटावरच्या खेळांना जागा दिली आहे. त्याच्याही कित्येक शतकं आधी वेरूळच्या २१व्या लेण्यात शिव-पार्वती फाशांचा डाव मांडून बसलेले कोरले गेले. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात आणि कोजागरीच्या रात्री जागताना अक्षक्रीडा करावी असं व्रतात सांगितलं आहे. आमच्याकडे कोजागरीला दूध आटेपर्यंत दोन डाव सहज व्हायचे.

याच पटावर फासे टाकून खेळतात ती चौसर, कवड्यांनी खेळतात ती पचीसी. सर्वांत मोठं दान पंचवीसचं, म्हणून हे नाव. फत्तेपूर सिक्रीच्या महालात अकबराचा दगडी पट अजून पाहायला मिळतो. पण राजवाड्यापेक्षा ओटीवरचा पट मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे सून बिनदिक्कत सासूची सोंगटी मारायची, त्या सोंगटीला पुन्हा पहिल्यापासून निघायला लावायची, आणि कुणी काही बोलायचं नाही. एरवी त्या घरात सुनेचा आवाज माजघराबाहेर येत नव्हता. पुढच्या डावात त्याच दोघी जोडीदार असायच्या.

आणि जोडी हाच या खेळाचा प्राण. नियम असा की आपल्या चारही सोंगट्या मधल्या चौकात पोहोचल्या तरी आपण जिंकत नाही. जोडीदाराच्या चारही पोहोचाव्या लागतात. त्यामुळे जाणती खेळणारी घाई करत नाही. पडलेलं दान न चालता सोडून देते, फुलीवर थांबते, कारण फुलीवरची सोंगटी मरत नाही. जोडीदाराच्या मागे कोणी लागलं असेल तर त्याच्या वाटेवर दबा धरते. प्रसंगी घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी आत न नेता पुन्हा पूर्ण फेरीला पाठवते. आत्याने माझ्यासाठी असं केलं तेव्हा मी चिडले होते, कारण मला ती हरते आहे असं वाटलं. दहा वर्षांच्या मुलीला दुसऱ्यासाठी थांबणं शिकवणारा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

१९व्या शतकात पचीसी समुद्रापार गेली. अमेरिकेत तिची ‘पारचीसी’ झाली. १८९६ साली इंग्लंडमध्ये लुडोचं पेटंट घेतलं गेलं. कवड्यांच्या जागी एक चौकोनी फासा आला, घरं कमी झाली, आणि जोडी गेली. चौघांपैकी प्रत्येक जण एकटा. मला हे मोठं नुकसान वाटतं.

तोच लुडो पुठ्ठ्यावर छापून आमच्याकडे परत आला. १९६९मध्ये शेजारच्या तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मागोमाग एमआयडीसीचे कारखाने वाढले, आणि बोईसरला देशभरातून माणसं आली. त्यांच्या खोल्यांतून लुडो दिसायचा, पण रात्रपाळी नसली की बल्बखाली मांडला जायचा तो कॅरम. उत्तर प्रदेशचा एक, ओडिशाचा एक, समोरासमोर जोडीदार. भाषा अर्धीमुर्धी कळायची, पण राणीला कव्हर कोणी द्यायचं हे नजरेने ठरायचं. सारीपाटातली जोडी मला तिथे पुन्हा भेटली.

आता डहाणूच्या लोकलमध्ये चौघं एका मोबाइलवर वाकून लुडो खेळतात. माझ्या नातवंडांशी मी पुठ्ठ्यावरच खेळते, फक्त आत्याच्या नियमाने. समोरासमोरचे रंग एकत्र, लाल-पिवळा एक जोडी, हिरवा-निळा दुसरी. आठही सोंगट्या घरी गेल्याशिवाय डाव संपत नाही, आणि हवं तर पडलेलं दान सोडून देता येतं.