रांगेतला नंबर आणि छातीवरचा बिल्ला



इतिहास म्हटला की लढाया आणि तह आठवतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला यंत्राचा इतिहासही इतिहासच वाटतो. आजचा प्रश्न दिसायला लहान आहे: सुरू होताना संगणक आपली डिस्क ओळखतो कशी?

वीज आली तेव्हा संगणकाला काहीच ठाऊक नसते. जुन्या पीसीत त्याच्या अंगी कायमचा मुरवलेला बायोस नावाचा प्रोग्रॅम जागा होई, डिस्कवरचा पहिला 512 बाइटांचा तुकडा उचली आणि कारभार त्याच्या हाती देई. बूटलोडरचे हे पहिले पाऊल असे. पण डिस्क अनेक असल्या तर?

आय. बी. एम. कंपनीने 1981 साली पर्सनल कॉम्प्युटर काढला. 1983 साली त्याच्या एक्स. टी. नमुन्यात 10 मेगाबाइटांची हार्ड डिस्क आली. त्या घराण्यात उत्तर सोपे होते: रांगेतला नंबर! फ्लॉपीचे नंबर 0 पासून, हार्ड डिस्कचे 128 पासून. पहिली उभी राहील ती 128, दुसरी 129.

रांग मोडली की हा हिशेब मोडतो. मध्येच नवी डिस्क जोडली तर नंबर सरकतात. नव्वदीच्या दशकात लिनक्सवर चालणारा लिलो तर गाभ्याच्या फाइलीचे डिस्कवरील ठिकाणच टिपून ठेवी. गाभा बदलून लिलो पुन्हा चालवला नाही, तर यंत्र उठत नसे. 1995 साली एरिक बोलिन यांनी ग्रब लिहिला. तो फाइल नावाने शोधू लागला, ही मोठी सुधारणा. परंतु डिस्क मात्र मोजूनच घेई.

गिरणीत बदली कामगाराची हजेरी तो रांगेत कितवा उभा आहे यावरून मांडली असती, तर पगाराच्या दिवशी काय गोंधळ झाला असता! म्हणून माणसाला बिल्ला असतो. डिस्कच्या बाबतीतही अखेर तेच झाले. लिनक्सच्या एक्स्ट घराण्यातील फाइल-व्यवस्था डिस्कवर मांडतानाच तिला 128 बिटांचा यूयूआयडी मिळतो. ग्रबची नवी पिढी डिस्कांमधून हा बिल्ला शोधते. डिस्क कोठेही जोडा, बिल्ला तिच्याबरोबर जातो. मात्र एका डिस्कची हुबेहूब नक्कल केली की बिल्लाही नकलतो, आणि एकाच बिल्ल्याचे दोघे हजर होतात. तेव्हा एकाचा बिल्ला बदलावाच लागतो.

यातले तात्पर्य आमच्या व्यवसायाचे आहे. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने डिस्क जोडली, सकाळी यंत्र उठले नाही, पगारपत्रक अडले, की बोट त्याच्याकडे वळते. पण त्याने जोडणी बरोबरच केलेली असते. कच्ची असते ती ओळखण्याची रीत. चौकशीला बसणाऱ्याने आधी रीत तपासावी, मग माणूस.