तक्रारवहीतला इतिहास

यंत्राचा इतिहास बहुतेक वेळा त्याच्या गुणांवरून लिहिला जातो. ते किती शक्तिशाली होते, त्याला कोणते पुरस्कार मिळाले, किती देशांत ते पोहोचले, याची नोंद कंपनीच्या कागदांत आयती सापडते. पण एखादे इंजिन कोणासाठी घडवले, कशाच्या जोरावर खपले आणि का थांबले हे समजून घ्यायचे असेल, तर गॅरेजमधल्या तक्रारी हा त्याहून भरवशाचा पुरावा आहे. फियाटचे 1.3 लिटरचे मल्टीजेट हे टर्बो-डिझेल इंजिन त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. इटलीत कल्पिलेले, पोलंडमध्ये प्रथम उत्पादित झालेले, आणि पुढे भारतात तयार होऊन मारुती, टाटा, फियाट, शेव्हरोले, प्रीमियर अशा पाच नावांच्या गाड्यांत बसलेले हे इंजिन. भारतातल्या वाहन पत्रकारांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटले. त्याचे प्रत्येक परिचित दुखणे हे कारखान्यात, अर्थमंत्रालयात किंवा पेट्रोल पंपावर जाणूनबुजून घेतलेल्या एखाद्या निर्णयाची दुसरी बाजू आहे, असे माझे म्हणणे आहे.

मुळात छोट्या गाडीत चांगले डिझेल इंजिन बसवणे हा प्रश्न बराच काळ सुटला नव्हता. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन ऑग्सबुर्गमध्ये 1897 साली यशस्वी झाले, आल्फ्रेड ब्युखीने टर्बोचार्जरचे पेटंट 1905 साली घेतले. पण या दोघांची गाठ कारच्या बॉनेटखाली पडायला 1978 साल उजाडले. त्या वर्षी मर्सिडीजची 300 एसडी आली. तीही मोठी, महागडी गाडी. छोट्या डिझेल गाडीच्या वाट्याला धूर, खडखडाट आणि सुस्ती एवढेच येत होते. आपल्याकडे 1998 च्या अखेरीस पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका आठवून पाहावी. तिचे 1405 सीसीचे, बिनटर्बोचे इंजिन जेमतेम पन्नासेक अश्वशक्तीचे होते. तरीही लोकांनी ती डोक्यावर घेतली, कारण किलोमीटरमागचा खर्च परवडत होता. ही कोंडी फोडली कॉमन रेल तंत्राने. जुन्या पंपात इंधनाचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. कॉमन रेलमध्ये डिझेल एका सामायिक नळीत सतत प्रचंड दाबाखाली साठवून ठेवतात आणि नोझल केव्हा, किती वेळ उघडायचे ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. फियाटच्या संशोधन केंद्राने या तंत्रावर मोठे काम केले, बॉशने ते हक्क घेऊन उत्पादनयोग्य केले, आणि 1997 साली आल्फा रोमिओ 156 ही हे तंत्र वापरणारी पहिली प्रवासी कार ठरली. त्यापुढची पायरी म्हणजे एकाच स्फोटासाठी डिझेल पाच छोट्या हप्त्यांत सोडणे. आधीचे थेंब ज्वलनकक्ष तापवतात, मग मुख्य फवारा येतो. त्यामुळे धडधड कमी होते आणि धूरही. या मल्टीजेट तंत्राचे सर्वांत छोटे अपत्य 2003 साली जन्मले.

कागदावरचे आकडे आजही कौतुकास्पद वाटतात. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, 69.6 मिलिमीटर व्यास, 82 मिलिमीटर स्ट्रोक, एकूण 1248 सीसी. वजन सुमारे 130 किलो, लांबी अर्ध्या मीटरहून कमी, आणि सुरुवातीची ताकद 70 अश्वशक्ती. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या संयुक्त कंपनीने ते पोलंडमधल्या बिएल्स्को-ब्याला इथे तयार केले. ओपेलने घेतले, सुझुकीने घेतले, पुढे फोर्डच्या ‘का’ या छोट्या गाडीतही ते बसले. लहान इंजिनांच्या गटात 2005 चा ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कारही त्याला मिळाला. आता युरोपातल्या गॅरेजची पहिली तक्रार पाहा: टायमिंग चेन सैल होते. बेल्टऐवजी चेन घातली ती बदलावी लागू नये म्हणून. पण चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि इतक्या आटोपशीर इंजिनात ऑइल मावते तीनेक लिटर. त्यात युरोपातल्या ग्राहकाला, विशेषतः ताफ्याने गाड्या घेणाऱ्या कंपन्यांना, सर्व्हिसिंगचा खर्च कमी दिसावा म्हणून ऑइल बदलण्याची मुदत 30,000 किलोमीटरपर्यंत ताणलेली. थोडे ऑइल, लांब मुदत आणि काजळी पोटात घेणारे डिझेल इंजिन, या तिन्हींचा हिशेब शेवटी चेनवर येतो. थंड इंजिन सुरू करताना ऐकू येणारी ती खडखड म्हणजे विक्रीपत्रकातल्या ‘देखभाल नको’ या आश्वासनाची वसुली आहे.

दुसरी युरोपीय तक्रार कायद्याच्या वाटेने आली. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह असतो. त्या धुरातली काजळी आणि ऑइलची वाफ मिळून तिथे काळा चिकट थर जमतो, व्हॉल्व्ह अडकतो, गाडी धूर ओकते आणि ओढत नाही. युरो 5 मानकांनंतर डिझेल गाडीला काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, जवळपास अटळ झाला. साठलेली काजळी जाळण्यासाठी फिल्टर खूप तापावा लागतो, म्हणून इंजिन मुद्दाम उशिरा जास्तीचे डिझेल सोडते. महामार्गावर हे काम बिनबोभाट होते. शहरात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याच्या गाडीत ते अर्धवट राहते, जास्तीचे डिझेल पिस्टनच्या कडेने खाली झिरपते, आणि ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते. पातळ झालेल्या ऑइलने पुन्हा चेन आणि टर्बोच्या बेअरिंगचे आयुष्य घटते. ही माणसे मुळात डिझेल गाडीची ग्राहकच नव्हती. इंधनावरच्या कमी कराने त्यांना तिकडे वळवले, आणि त्यांच्या रोजच्या फेऱ्यांची लांबी त्या फिल्टरमध्ये नोंदली गेली.

भारतातली तक्रारवही उघडली की मजकूर बदलतो. 2007 च्या सुरुवातीला मारुतीची डिझेल स्विफ्ट आली. मानेसरच्या कारखान्यात हेच इंजिन परवान्याने तयार होऊ लागले. 2008 साली इंडिका व्हिस्टा आली, तिचे इंजिन टाटा-फियाटच्या रांजणगावच्या संयुक्त कारखान्यातून. आणि गाडीवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य बसले: ‘दोन हजारांच्या खाली पिकअप नाही.’ कारण सरळ आहे. टर्बोचे पाते धुराच्या झोतावर फिरते. 1248 सीसीचे इंजिन कमी आरपीएमवर जेवढा धूर सोडते तेवढ्यावर ते पाते पुरेसे फिरत नाही; टर्बोविना उरते ते एक छोटे, अशक्त इंजिन. 190 न्यूटन-मीटरचा टॉर्क 2000 आरपीएमला मिळतो, त्याआधी वाट पाहावी लागते. घाटात, एसी लावून, चार माणसे आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना ही वाट फार लांब वाटते. मग चालक अर्ध्या क्लचवर गाडी ओढतो आणि क्लच प्लेट लवकर जाते. ॲव्हरेजसाठी वरच्या गिअरमध्ये सावकाश चालवण्याची इंडिकाने लावलेली सवय इथे नेमकी उलटी पडली.

मग इंजिन मोठे का घेतले नाही, किंवा चांगला टर्बो का लावला नाही? यातला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्के केले होते. म्हणजे 1248 सीसीच्या पुढे थोडी जागा शिल्लक होती. कराने हात बांधलेले नव्हते. शिवाय पात्यांचा कोन बदलणारा टर्बो याच इंजिनाला उपलब्ध होता. त्याने ताकद 90 अश्वशक्तीवर जाई, 200 न्यूटन-मीटर टॉर्क 1750 आरपीएमलाच मिळे. तो मांझा, लिनिया, पुढे अर्टिगा, सियाझ, ब्रेझा यांना लाभला. स्विफ्टला मात्र शेवटपर्यंत साधाच टर्बो मिळाला. दोष इंजिनाच्या रचनेत असता, तर तो सगळ्या गाड्यांत सारखा दिसला असता. तो दिसला स्वस्त गाड्यांत. म्हणून या तक्रारीला मी किमतीच्या गणिताचा पुरावा मानतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो: तक्रार करणारेच बोलतात, समाधानी माणूस गॅरेजमध्ये उभा राहून भाषण देत नाही, तेव्हा तक्रारींवरून इतिहास लिहिणे म्हणजे रुग्णालयावरून गावाची प्रकृती ठरवणे. तक्रारींच्या संख्येवरून मी काही ठरवत असतो तर हा आक्षेप बिनतोड होता. पण इथे महत्त्व आहे ते तक्रारींच्या प्रकाराला. तेच लोखंड, तीच मापे. तरी युरोपात डीपीएफ आणि इकडे पिकअप. भारतात फिल्टर तुंबल्याची ओरड नव्हती, कारण बीएस-4 या प्रदूषण मानकापर्यंतच्या इथल्या गाड्यांना तो बहुधा नव्हताच. बसवला असता तरी टिकला नसता: 2010 नंतरही देशाच्या बहुतेक भागांत मिळणाऱ्या बीएस-3 डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात 350 भागांपर्यंत चाले, बीएस-4 मध्ये 50, आणि बीएस-6 मध्ये 10. म्हणजे आपल्या गाडीवाल्याला एक त्रास झाला नाही, तो इंजिनाच्या गुणामुळे नव्हे. ती काजळी रस्त्यावरच्या माणसाच्या फुप्फुसात गेली. त्या माणसाची तक्रार मात्र कुठल्याही सर्व्हिस सेंटरच्या वहीत नाही, आणि या पुराव्याची खरी मर्यादा ही आहे.

या इंजिनाला इतके यश मिळाले त्यात तंत्राचा वाटा मोठा होता, पण निर्णायक नव्हता. जून 2010 मध्ये पेट्रोलचे भाव खुले झाले, डिझेलचे नाहीत. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला 73 रुपयांच्या वर आणि डिझेल 41 रुपयांच्या आसपास होते. शेतकरी आणि मालवाहतूक यांच्यासाठी राखलेली ही सवलत मध्यमवर्गाने आपल्या गाडीच्या टाकीत ओतून घेतली. मागणी एवढी वाढली की मानेसरचे उत्पादन पुरेना. त्याच वर्षाच्या आरंभी मारुतीने फियाटशी वर्षाला एक लाख इंजिने रांजणगावहून घेण्याचा करार केला. प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यातून आलेले इंजिन आपल्या सर्वाधिक लाडक्या गाडीत बसवण्याची वेळ बाजारातल्या पहिल्या क्रमांकाच्या कंपनीवर आली. जानेवारी 2013 पासून डिझेल दरमहा सुमारे 50 पैशांनी वाढू लागले, ऑक्टोबर 2014 मध्ये पूर्ण खुले झाले, आणि जास्तीच्या किमतीची भरपाई ॲव्हरेजमधून व्हायला आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर लागू लागले.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झाले आणि 1.3 मल्टीजेट भारतीय बाजारातून गेले. प्रदूषणामुळे डिझेल संपले, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. नवे मानक गाठणे अशक्य नव्हते; डीपीएफ आणि त्याच्या जोडीची यंत्रणा बसवून ते गाठता येत होते. पण त्या यंत्रणेची किंमत इंजिनाच्या आकाराबरोबर घटत नाही. सहा-सात लाखांच्या गाडीवर तिचा बोजा टाकला, तर इंधनातल्या बचतीने तो भरून निघत नव्हता. मारुतीने 2019 च्या एप्रिलमध्येच डिझेल बंद करण्याचे जाहीर केले, ते याच हिशेबाने. रांजणगावात डिझेल इंजिने पुढेही तयार होत राहिली, पण ती 2.0 लिटरची मल्टीजेट होती. जीप कंपास, टाटा हॅरियर आणि एमजी हेक्टर यांच्यासाठीची ती इंजिने बीएस-6 च्या कसोटीला उतरली. त्या गाड्यांच्या किमतीत डीपीएफचा खर्च मावत होता. स्विफ्टच्या किमतीत मावत नव्हता.