स्वयं-रीलोड : चुकलेला कोड आणि डेव्हलपमेंट सर्व्हर

वेबसाइट बांधताना प्रोग्रामरच्या संगणकावर चालणारा आणि फाइल सेव्ह होताच नवा कोड आपणहून उचलणारा सर्व्हर म्हणजे डेव्हलपमेंट सर्व्हर. त्याचा कस लागतो तो चुकलेली ओळ सेव्ह झाल्यावर.

‘जँगो’ हे पायथन फ्रेमवर्क कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याचा ‘रनसर्व्हर’ हा आदेश दोन प्रोसेस सुरू करतो. आतली साइट चालवते आणि साधारण दर सेकंदाला फाइली तपासते. काही बदलले की ती ३ हा संकेतांक देऊन बंद होते. तो पाहून बाहेरची प्रोसेस तिला पुन्हा उभी करते.

समजा, मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींची रचना सांगणाऱ्या कोडमध्ये, मजकुराची कमाल लांबी लिहिताना कीबोर्ड मराठीतच राहिला आणि ‘५०’ हा आकडा देवनागरीत पडला. पायथन ३ ला देवनागरी नावे चालतात, अवतरणचिन्हांतल्या देवनागरी अंकांची संख्याही तो करून देतो. कोडमध्ये थेट लिहिलेला देवनागरी अंक मात्र सिंटॅक्स एरर ठरतो. टर्मिनलवर फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक उमटतो. साइट उघडत नाही, पण आतल्या प्रोसेसमधला फाइलींवर नजर ठेवणारा थ्रेड जिवंत असतो.

खरी मेख पुढे आहे. सर्व्हर नजर ठेवतो ती मुख्यतः लोड झालेल्या मॉड्यूल्सवर, आणि चुकलेली फाइल तर लोडच झालेली नसते. मग तिची दुरुस्ती कळणार कशी? जँगो एररमधूनच त्या फाइलचे नाव काढून ते पाळतीच्या यादीत घालते. रीलोडरमधला हा सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग म्हणावा लागेल. अंक सुधारून फाइल सेव्ह केली की साइट पूर्ववत सुरू होते.

‘फ्लास्क’ या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कचे दस्तऐवज, चुकलेल्या कोडने सर्व्हर बंद पडू नये म्हणून, कोडमधून सर्व्हर सुरू न करता ‘फ्लास्क रन’ वापरायला सांगतात. रीलोडच्या वेळची चूक मग ब्राउझरमध्ये दिसते. फ्रंटएंडसाठीचे ‘व्हीट’ हे साधन एरर थेट पानावर झळकवते. रिअ‍ॅक्टच्या ‘फास्ट रिफ्रेश’मध्ये सिंटॅक्स चुकलेले मॉड्यूल चालवलेच जात नाही, त्यामुळे दुरुस्तीनंतर अर्धा भरलेला फॉर्मही बहुधा तसाच राहतो.

एररच्या पानावर कोड आणि व्हेरिएबल्स उघडी पडतात, म्हणून हे सर्व्हर सार्वजनिक वापरासाठी नाहीत. २०१५ मध्ये ‘पेट्रिऑन’ या संकेतस्थळावरची माहिती चोरीला गेली ती साइटची डीबग आवृत्ती बाहेरच्यांना दिसत राहिल्यामुळे.